मोटारीवरचे दोन नारळ

२ ऑक्टोबर २००६, दसरा. भूगावच्या पुढे, भाड्याच्या शेडमध्ये मला चाळीस हजार रुपये आगाऊ मिळाले. हजर तिघे: मी, पैसे देणारा मिठाईवाला आणि शेडचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत. मिठाईच्या वेष्टनाची छापील फिल्म कापून, तिचे अरुंद रोल गुंडाळून वसुबारसेच्या आत द्यायचे होते. दिवाळीनंतर त्याला त्यांचा उपयोग नव्हता. माझ्याकडे यंत्र एकच, आणि दिवाळीआधीचं कामही हे एकच.

आबांनी पूजा केली, यंत्राच्या मोटारीच्या पायावर नारळ फोडला. पाणी सगळीकडे उडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद पडलं. मोटारीच्या मागे बसवलेला एन्कोडर तिचा वेग ड्राइव्हला, म्हणजे मोटार चालवणाऱ्या नियंत्रकाला, कळवतो. ती खबर पोचली नाही की ड्राइव्ह मोटार थांबवतो. ड्राइव्हच्या पडद्यावर तोच दोष दिसत होता.

इंजिनियर पुण्याहून चांदणी चौक ओलांडून येईपर्यंत बारा वाजले. तोवर यंत्र सुरळीत चालू झालेलं. एन्कोडर बंद ठेवून त्याने मोटार फिरवून पाहिली. फिरली, पण फिल्मचा ताण राहीना, रोल सैल पडले. म्हणून एन्कोडर बदलला. सकाळी पुन्हा तेच. मग केबल बदलली. सकाळी पुन्हा तेच.

"साहेब, मला बघितलं की तुमचं मशिन शहाण्यासारखं वागतं," तो म्हणाला. मला हसू आलं नाही. यंत्र दुपारी चालायचं आणि दोन वाजता लोडशेडिंग सुरू व्हायचं.

आबा रोज दारात बसून बघत. "सायेब, नजर लागलीया. पुन्यांदा नारळ फोडू म्हनतो तर तुमी ऐकतच न्हाई."

"नजर असेल तर दुपारी कशी उतरते, आबा?"

"दुपारची ती बी जेवाया जात आसंल."

वसुबारसेला दोन दिवस उरले तेव्हा निम्मे रोलही झाले नव्हते. मी म्हणालो, "फोडा." या वेळी आबांनी नारळ थेट मोटारीवर फोडला. "आता बरूबर लागू पडंल."

त्यानंतर यंत्र दुपारीही चालेना. इंजिनियरला दोष पहिल्यांदा समोर सापडला. मोटारीजवळच्या छोट्या पेटीत तारा जोडायची पट्टी होती. एन्कोडर बदलला, केबल बदलली, पण दोन्ही वेळा तारा जोडल्या त्या त्याच पट्टीवर. त्याने ती उपटून उलटी केली. खालून चिकट, मुंग्या लागलेल्या. दसऱ्याच्या नारळाच्या पाण्याचा गोड चिकटा रात्रीच्या दवाने ओला व्हायचा, उन्हं चढली की सुकायचा. आता वर नवं पाणी पडलं होतं.

"इथं पाणी कुठून आलं?" त्याने विचारलं.

मी आबांकडे पाहिलं.

"द्येवाचं पानी हाय ते," आबा म्हणाले. "त्येनं काय व्हतंय?"

शेडचा करार डिसेंबरात संपत होता. मी इंजिनियरला पट्टी बदलायला सांगितलं.

नवी पट्टी बसली, यंत्र सकाळी चालू लागलं, तो वसुबारसेचा दिवस होता. मिठाईवाल्याने आदल्या दिवशीच दुसरीकडून साधी फिल्म उचलली होती. तयार रोल त्याने पाहिलेही नाहीत.

मिठाईवाल्याला चाळीस हजार परत दिले. इंजिनियरला एन्कोडर, केबल आणि खेपा धरून साडेअकरा हजार. आबांना महिन्याचं भाडं सहा हजार, एक तारखेला. नारळांचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत.