काही वाटलं?

बायको गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी माझ्या मुलीच्या हातात एक कार्ड ठेवलं. रेघांचं, जाड कागदाचं, ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदीसाठी वापरतात तसं. वर निळ्या शाईत ‘शोक’ असं लिहिलेलं, खाली बायबलातल्या चार वचनांचे संदर्भ. तिने ते वाचलं, “थँक्यू पप्पा” म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. मला बरं वाटलं. म्हणजे, काम झालं असं वाटलं.

मी वाघोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत गेली वीस वर्षं रविवारच्या उपासनेनंतर समुपदेशन करतो. शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात चर्चच्या मागे एक खोली, दोन खुर्च्या आणि आवाज करणारा पंखा. लोक येतात, अडचण सांगतात. मी वचन काढून देतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. कुणाचा मुलगा पितो, कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाची नोकरी गेलेली असते. ग्रंथपालाची खोड म्हणा, मी या सगळ्याची विषयवार कार्डं केली होती. क्रोध, विवाह, व्यसन, निराशा, शोक. मंडळीत याचं फार कौतुक होतं, कारण समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं बोट बरोबर कार्डावर पोचलेलं असायचं. बायको तेवढी म्हणायची, “अहो, त्यांना बोलू तरी द्या. बस चुकतेय का तुमची?”

ती फेब्रुवारीत गेली. सकाळी डबे भरताना डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन खुर्चीवर बसवलं. त्यानंतरचं सगळं मला लख्ख आठवतं आणि त्यातलं काहीही मनाला लागत नाही. दफनभूमीत मूठभर माती टाकायला पुढे झालो तेव्हा माझ्या बुटाची नाडी सुटली होती. ती आत्ता बांधावी की नंतर, याचा मी विचार करत होतो. घरी आलेल्या प्रत्येकाला मी चहा विचारला. सांत्वनाच्या सभेत मुलगी मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली आणि मी कोरडा बसून होतो. लोक म्हणाले, विश्वास बघा यांचा. मी त्यांना तसं समजू दिलं. विश्वास वगैरे काही नव्हतं. आत काहीच नव्हतं.

दोनेक महिन्यांनी चर्चच्या पाळकांनी मला शनिवारच्या एका कोर्सला घातलं. मंडळीला प्रशिक्षित माणूस हवाय, असं कारण सांगितलं. माझं मन रमावं हे खरं कारण होतं, आणि ते मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. कोर्स डेक्कनला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. विषय व्यक्तिकेंद्री समुपदेशन. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, बोलणं अस्सल पुणेरी. त्यांचं सगळं शास्त्र तीन गोष्टींवर उभं होतं. समोरच्याला आहे तसा स्वीकारायचा, त्याच्या जागी जाऊन त्याचं ऐकायचं, आणि त्याच्याशी खरं वागायचं. सल्ला द्यायचा नाही. माणसाला आपलं उत्तर आतूनच सापडतं, आपण फक्त सोबत बसायचं.

सराव तिघातिघांच्या गटात असे. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, तिसऱ्याने नुसतं पाहायचं. माझ्यापुढे एक तरुण मुलगी बसली आणि म्हणाली की तिच्या घरात तिच्याशी कुणी बोलत नाही. मी लगेच तिला तीन उपाय सांगितले. बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, “अहो, त्यांनी अजून प्रश्न विचारलेला नाही आणि तुमचं उत्तर बांधून तयार. पार्सल सेवा आहे का आपली?” वर्ग हसला. मीही हसलो. रागसुद्धा आला नाही, इतका मी बधिर होतो.

पण मी बाईंशी वाद मात्र घातला. म्हटलं, आमच्यात उत्तर आत नसतं, वरून येतं. माणसाला एकट्याच्या भरवशावर सोडणं आम्हाला पटत नाही. त्या म्हणाल्या, “वरून येऊ दे ना. ते पोचेपर्यंत तरी गप्प बसाल?” अजूनही मला वाटतं की त्यांचं अर्धंच बरोबर आहे. प्रार्थनेने सावरलेली माणसं मी त्या खोलीत डोळ्यांनी पाहिली आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर वरून काही येत नव्हतं आणि आत पाहावं तर तिथेही कुणी नव्हतं.

ऐकणं मात्र मी नेटाने शिकलो. समोरच्याने जे सांगितलं ते आपल्या शब्दांत त्याला परत द्यायचं, म्हणजे त्याला आपलं ऐकलं गेलं असं वाटतं. मी वहीत वाक्यं लिहून पाठ केली. स्वीकार आणि समजून घेणं जमायला लागलं. खरं वागणं हे खोटं बोलणाऱ्यांसाठी असेल असं समजून त्या पानावर फारसा थांबलो नाही.

मग एका रविवारी दुपारी जेवताना मुलगी म्हणाली, “पप्पा, मी मावशीकडे राहायला जाते.” मावशी म्हणजे माझी मेव्हणी, कोथरूडला राहते. मुलगी बारावीला, तिचा क्लासही कोथरूडलाच. कारण रास्त होतं, पण ती ताटाकडे बघत बोलत होती. मला कळलं की ती क्लाससाठी जात नाहीये, माझ्यापासून जातेय. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. ती गेली तर परत येईल असं मला वाटत नव्हतं.

मी चमचा खाली ठेवला आणि शिकल्याप्रमाणे म्हणालो, “तुला इथे राहणं जड जातंय.”

“हो.”

“जड जातंय, आणि तुला इथून जावंसं वाटतंय.”

“तेच तर बोलले ना मी.”

“तेच बोललीस, आणि मला ते कळत नाहीये असं तुला वाटतंय.”

तिने वर पाहिलं. “पप्पा, हे तुम्हाला त्या कोर्समध्ये शिकवलंय का?”

“हो.”

“प्लीज बंद करा. आधी कार्ड, आता हे. मी तुमची क्लायंट नाहीये.”

ती उठेल असं वाटलं, पण उठली नाही. म्हणाली, “एक विचारू? खरं सांगाल? मम्मी गेल्यापासून तुम्हाला काही वाटतं का?”

माझ्याकडे वचन तयार होतं. ‘तुला माझी काळजी वाटतेय’ हे वाक्यही तयार होतं. दोन्ही तोंडाशी आली आणि मला त्यांचा कंटाळा आला. मी म्हणालो, “नाही. काहीच वाटत नाही. वाटावं म्हणून मी तिचे फोटो बघतो. तिच्या कपाटात तोंड घालून उभा राहतो. काही होत नाही.”

मला वाटलं, आता ही तुटली माझ्यापासून. आईसाठी ज्याला काही वाटत नाही अशा बापाबरोबर कोण राहील?

“मलापण नाही,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “तू तर सभेत…”

“सगळ्या काकू बघत होत्या. मी आपल्या मेलेल्या कुत्र्याचा विचार करून रडले. त्याच्यासाठी येतं मला रडू. मम्मीसाठी नाही येत.” तिचा आवाज शांत होता, औषधाचा डोस सांगावा तितका. “मला वाटलं माझ्यातच काहीतरी बिघडलंय. तुम्ही एवढ्या लोकांचं ओळखता, माझंही ओळखाल. म्हणून मी जात होते.”

वीस वर्षं मी लोकांचं ऐकत होतो आणि चार महिने ही पलीकडच्या खोलीत माझ्यापासून लपून बसली होती. याची मला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही, तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” आम्ही उरलेला भात संपवला.

ती गेलीच. बॅग भरलेली होती, मावशीने खोली लावून ठेवली होती. पण निघताना म्हणाली की शनिवारी कोर्स सुटला की न्यायला या, रविवारी आपल्या चर्चला येईन. तेव्हापासून दर शनिवारी मी स्कूटर घेऊन तिच्या मावशीच्या सोसायटीखाली उभा राहतो. ती चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून मागे बसते. गाडी कर्वे रस्त्याला लागली की विचारते, “काही वाटलं?” मी म्हणतो, “नाही. तुला?” ती म्हणते, “नाही.” मग आम्ही दुसरं काहीतरी बोलतो. बरेच शनिवार असे गेले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागले होते.

गेल्या शनिवारी तिने विचारलं नाही. येरवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मीच विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “गुरुवारी.”

मी मान वळवली. स्कार्फमध्ये फक्त डोळे दिसत होते.

“मी ओला टॉवेल गादीवर टाकला होता. मावशीने काही न बोलता उचलून वाळत घातला. मम्मी ओरडली असती. मग मी बाथरूममध्ये गेले आणि खूप वेळ बाहेरच आले नाही.” बोलता बोलता तिला परत रडू आलं. तिने कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. माझा शर्ट गरम झाला, मग ओला झाला.

मी वाट पाहिली. आता मलाही येईल असं वाटलं. आलं नाही. सिग्नलवरचे आकडे उतरत होते आणि मागचा रिक्षावाला आत्ताच हॉर्न वाजवायला लागला होता.

“मला अजून नाही,” मी म्हणालो. मग जे होतं ते सांगितलं. “पण मला तुझा हेवा वाटतोय. फार हेवा वाटतोय. तो चालतो का?”

तिने नाक ओढलं आणि विचार केला.

“चालतो, पप्पा,” ती म्हणाली. “चला, हिरवा झाला.”