बरी झाल्यानंतरची फाइल

दिल्लीतच द्वारकेच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं, तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं कपाट आवरताना आईने माझी हॉस्पिटलची फाइल रद्दीत टाकली. नवव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. तीन वर्षं उपचार चालले आणि मी बरी झाले. आता मी पंचवीसची होते, नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला.

“उद्या स्थळं येतील. हे कागद कुणाच्या हाती लागले तर?” आई म्हणाली.

“लागू देत.” मी फाइल उचलून घेतली.

खरं कारण तिला सांगितलं नव्हतं. दोन जिने चढले तरी मला धाप लागायची. लहानपणी दिलेल्या लाल इंजेक्शनांमुळे कित्येक वर्षांनी हृदय कमजोर होऊ शकतं, आणि एकूण मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त, असं मी ऑफिसात इंटरनेटवर वाचलं होतं. जवळच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले. “बेटा, तुम ठीक हो चुकी हो. टेन्शन मत लो.” हॉस्पिटलात जुनं रेकॉर्ड मागितलं, तर ते केव्हाच नष्ट केलेलं. उरली होती ती ही फाइल.

नव्या घरात पहिल्याच रविवारी कॉम्प्युटर जोडला आणि एकेक इंजेक्शन, तारीख, मात्रा टाइप करायला बसले. आई मागे येऊन उभी राहिली.

“ही तारीख चुकलीय. तुला ताप होता, इंजेक्शन आठवडाभर पुढे ढकललं होतं.”

मग खुर्ची ओढून तीच पुसट कागद वाचून दाखवू लागली. संध्याकाळी लाल औषधाची बेरीज स्क्रीनवर आली. मी ती कशासाठी काढली, ते तिला सांगितलं.

“आम्हाला कुणी सांगितलंच नाही,” ती हळूच म्हणाली.

त्या यादीचा प्रिंटआउट मी हृदयाच्या डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि त्याच दिवशी तपासणी करायला लावली. हृदय थोडं कमजोर झालं होतं. गोळ्या सुरू झाल्या, धाप कमी झाली.

मग मी त्या माहितीचा प्रोग्रामच केला. कोणती तपासणी कधी करायची, याची तो आठवण करून द्यायचा. ज्याची त्याला माहिती भरता येईल अशा त्याच्या सीडी बनवून मुलांच्या कॅन्सर ओपीडीत गेले. एका कर्मचाऱ्याने हटकलं, “लोगों को डराइए मत.” मी बाहेरच्या बाकावर बसून वाटल्या.

स्थळं आली. पहिल्याच मंडळींना आईने चहाच्या आधी सगळं सांगून टाकलं. ते पुन्हा फिरकले नाहीत.

“बरं झालं,” म्हणून तिने पुढच्या स्थळाला फोन लावला.