ताटातलं पाणी

आमच्या आबांना जेवण कसं झालंय हे विचारायचं नसतं. गप बसायचं आणि त्यांच्या ताटाकडं बघायचं. जेवण झालं की ते तांब्यातलं पाणी ताटात ओततात. त्यात हात धुतले, तर समजायचं, आज जमलं नाही. आणि तेच पाणी बोटानं ताटभर फिरवून, ताट उचलून गटागटा पिऊन टाकलं, तर समजायचं, पास. मी लग्न होऊन माळेगावहून अंथुर्ण्याला आले तेव्हापासून या परीक्षेला रोज दोन वेळा बसतेय. तोंडानं एकदा जरी 'चांगलं झालंय' म्हणाले असतील तर शपथ! सासरे आहेत म्हणून गप बसते, नाहीतर माझं तोंड काय कमी नाही.

तरुणपणी आबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. रानात मुक्काम, पाणी लांबून आणायचं. ताट धुवायला पाणी कुठलं? ओतायचं, फिरवायचं, प्यायचं, ताटही साफ. पुढं मेंढरं विकली, ऊस आला, घरात बेसिन आलं, तरी आबांचं ताट काही बेसिनपर्यंत गेलं नाही.

तर या आबांची लाडकी नात म्हणजे माझी लेक सुकन्या. ती हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि बारामतीत भिगवण रोडला 'टोकियो तडका' नावाच्या हॉटेलात शेफ म्हणून लागली. चायनीज, जपानी, थाई आणि आपलं, सगळं एकात एक. हॉटेलच्या मालकाला तिचा हात आवडला. आता तो पुण्यात दुसरं हॉटेल काढतोय, आणि तिथलं सगळं स्वयंपाकघर सुकन्यानं सांभाळायचं म्हणतोय. पोरगी आनंदानं घरी सांगायला आली, तर आबांनी एका वाक्यात त्यावर पाणी ओतलं. "घरात चूल आसताना लोकाच्या चुलीवर कशाला रांधायचं? न्हाय जायाचं."

झालं! आमचे मालक, म्हणजे माझे नवरे, रणजितराव. वडलांपुढं त्यांची मान फक्त खाली-वर होते, आडवी होतच नाही. मग मीच पदर खोचला. म्हटलं, "आबा, तुमी तिच्या हातचं तितं जाऊन एकदा खावा. मग काय ते बोला."

आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. "बरं. खाऊन बघतो," म्हणाले.

बुधवार धरला. सोमवार शंकराचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार आमच्या बिरोबाचा. मटण खायचं तर बुधवारच बरा. सुकन्या सकाळी निघताना माझ्या कानाशी आली. "आई, आबा काय म्हणाले ते मला आत येऊन सांगू नकोस. वाडगा आत आला की मला कळेल." एवढं बोलून गेली, पण डोळे भरलेले होते.

संध्याकाळी आम्ही चौघं गाडीतून गेलो. आबा, मालक, मी आणि माझा धाकटा यशराज. आबांनी नवं धोतर नेसलं होतं, वर फेटा. आत गारेगार एसी, लाल कागदी कंदील, भिंतीवर मासोळ्या रंगवलेल्या. स्वयंपाकघर आत, दार बंद, म्हणजे सुकन्या काही दिसत नव्हती. वेटर नेपाळकडचा, चांगला मिशीवाला बाप्या. अदबीनं वाकून त्यानं आबांना विचारलं, "सर, मंचाव सूप?"

आबा ताठ झाले. "मंचर न्हाय आन् सुपं बी न्हाय. आमी अंथुर्ण्याचं."

वेटरनं कार्डावर वरनं खाली बोट फिरवलं आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "सर, अंथुर्णे सूप नाहीये."

यशराज टेबलाखाली गेला हसत. मालकसुद्धा हसले, म्हणजे बघा. आबांना मात्र पटलं नाही, त्यांच्या डोक्यात मंचर आणि सुपं, आमच्या जिल्ह्यातली दोन गावं. "आरं, गाव इचारतोस आन् न्हाय म्हंतोस व्हय?" मी म्हटलं, "आबा, ते प्यायचं सूप म्हणतायत." तर म्हणाले, "मग तसं बोलावं की. उगं जिल्हाभर हिंडवतंय."

मग सुकन्यानं आतून आबांसाठी तिचा खास वाडगा पाठवला. कार्डावर नाव 'देशी रामेन'. आत काय, तर आपलं आळणी, म्हणजे मटणाचं हळद-आलं-लसणातलं बिनतिखटाचं पाणी, त्यात शेवयांपेक्षा जाड नूडल्स, वर मटणाचे तुकडे आणि ठेच्याचं हिरवं तेल. सोबत दोन काड्या. यशराज मोबाइलवर शिकून आला होता, त्यानं काड्या अशा धरल्या अन् तशा धरल्या, आणि पहिलाच घास पँटवर पाडला.

"हान तिच्या! काडी धरता यीना आन् निघालं जपानला," आबा म्हणाले. त्यांनी स्वतःची एक काडी बाजूला ठेवली. दुसरी बोटांत धरून जराशी फिरवून बघितली. "ही तर चाती हाय की!" मेंढरं होती तेव्हा आबा चालता चालता ज्या काडीवर लोकर कातायचे, ती चाती. त्यांनी काडी वाडग्यात उभी धरली, गर्रकन फिरवली, आणि नूडल्स सुतासारख्या तिच्यावर गुंडाळल्या गेल्या. एकही खाली पडली नाही. पलीकडच्या टेबलावरची पोरं आपली जेवणं सोडून बघायला लागली. आबांना त्याचं काही नाही. ते खाली मान घालून जेवत होते. तोंडावरची रेघ हलत नव्हती. मी माझं काय खाल्लं देव जाणे, सगळं लक्ष त्या वाडग्यात.

वाडगा संपला. तळाला रश्शाचा डाग, कडेला ठेच्याचं तेल. आबांनी काडी खाली ठेवली आणि हात पाण्याच्या ग्लासाकडं नेला. यशराज हळूच म्हणाला, "आबा, इथं नका ना तसं करू, सगळे बघतायत." मी टेबलाखालून त्याला असा चिमटा काढला की तो जागेवर उडाला.

आणि नेमका तेवढ्यात तो मिशीवाला आला, "झालं सर?" म्हणाला आणि वाडगा उचलून चालायला लागला!

आबा ग्लास हातात धरून तसेच. "आरं आरं, माझं ताट कुठं न्हेतोस?"

तो वाडगा तसाच आत गेला असता तर? कडेचं तेल बघून पोरगी आपण नापास झालो असंच समजली असती. मी खुर्ची मागं लोटली आणि पळाले. मालक "अगं, अगं" करतायत, मी कुठली ऐकतेय! बंद दाराच्या तोंडाशी त्याला गाठला. "ठेवा ते!"

"मॅडम, मी साफ करतो..."

"काही साफ करायचं नाही! आमचं जेवण व्हायचंय अजून!" असा आवाज चढला की अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. त्याच्या हातातून वाडगा ओढून घेतला आणि आबांच्या पुढं आणून ठेवला.

आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग वाडग्यात पाणी ओतलं. बोटं आत घातली. मला वाटलं, धुतले हात, संपलं सगळं. पण बोटं कडेकडेनं फिरायला लागली. सावकाश. कडेचं तेल सुटलं, तळाचा डाग सुटला. आबांनी वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावला, आणि पार फेट्याचं टोक मागं झुकेपर्यंत पीत राहिले.

मला रडू फुटलं. लाज कसली, भर हॉटेलात पदर डोळ्याला लावला.

वाडगा खाली ठेवून, मिशी पुसून आबांनी वेटरला हाक मारली. "आता न्हे. जिनं केलंय तिच्याच हातात दे." मग मालकांकडं वळले. "रणजित, पोरीला पुन्याला सोडाया आपुन दोघं बी जायाचं. तितली चूल कशी हाय ती मला बघायची हाय."

मालकांची मान खाली-वर झाली. आज मला त्या मानेचा पहिल्यांदा राग आला नाही.

थोड्या वेळानं दार उघडलं. सुकन्या बाहेर आली, डोक्यावर पांढरी टोपी, हातात तोच वाडगा. तो आबांपुढं तिरका करत म्हणाली, "आबा, ह्यात तर काहीच राहिलं नाही."

"राहील कसं?" आबा म्हणाले. "तुज्या आईच्या हाताखाली शिकलीस न्हवं? तिच्या हाताची चव हितं बारामतीत बी हाय."

मी पदर डोळ्यावरनं काढला. इतकी वर्षं दोन वेळा रांधतेय मी, आणि हे बोलायला यांना एसीत आणून बसवावं लागलं! राग तर असा आला. म्हटलं, "आबा, हे घरी सांगायला काय झालं होतं?"

"घरी कशाला सांगाय पायजे?" आबा टेबलावरच्या बारक्या काडीनं दात कोरत म्हणाले. "घरी मी रोज ताट पितोय की."

"रोज कुठं, आबा? कितीदा हात धुतलेत त्यात!"

"ते व्हय," आबा म्हणाले, "त्या दिवशी भाजी रणजितनं निवडून आणल्याली आसायची."