पहाटेच्या बंदिशी

पहाटे चारला मोरेश्वरबुवा रोडपालीच्या फ्लॅटमध्ये तानपुरा जुळवत. ललत, भटियार या सकाळच्या रागांत त्यांनी बंदिशी बांधल्या होत्या, एकेक वर्षभर घासून. त्या कुणाच्या तरी गळ्यात उतराव्यात, एवढीच आस होती. शिष्य मात्र संध्याकाळी यायचे आणि परीक्षेपुरता यमन शिकून जायचे. सकाळचा राग सकाळीच शिकवायचा, हा गुरूंचा दंडक बुवांनी मोडला नाही.

"तुमी शिकवा की संध्याकाळी," बायको भामा म्हणाली. "सूर्य काय तपासायला बसलाय?"

"नाय जमायचं."

पहाटे कुणी शिकायला आलं नाही. आले ते शेजारी, झोपमोडीची तक्रार घेऊन.

शेवटी यमन शिकवून साठलेल्या पैशांतून बुवांनी खिडक्यांना जाड काच बसवली, आवाज बाहेर जाऊ न देणारी.