स्टेडियमकडे चाललेली माणसं

असे भुताखेताचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर निव्वळ टाइमपास म्हणून. वाचायचं, हसायचं आणि नवऱ्याला फॉरवर्ड करायचं. मी फार्मसिस्ट आहे. ताप उतरला की भुतंही उतरतात, हे काउंटरमागून बऱ्याचदा पाहिलंय. त्यामुळे आपल्यावरच असं काही लिहायची वेळ येईल असं... असो. यात रात्र नाही, अमावस्या नाही, पडकं घर नाही. भर दुपारचं ऊन होतं आणि आम्ही बेसबॉलची मॅच बघायला चाललो होतो.

आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाकुराला राहतो. माझी मुलगी ईरा चौथीतली, बेसबॉलवेडी. त्या शनिवारी शहराच्या पार उत्तरेला, अल्बनीच्या स्टेडियमवर मोठ्या टीम्सची मॅच होती आणि सुरुवातीला काही लहान मुलांना खेळाडूंचा हात धरून मैदानात जायचं होतं. त्यात ईराची निवड झाली होती! आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. मुलांना लवकर बोलावलं होतं म्हणून सुहास – माझा नवरा – तिला घेऊन पुढे गेला. माझी दुपारपर्यंत शिफ्ट होती. ती संपवून मी अण्णांना घेऊन मागून निघाले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वीजमंडळातून रिटायर झालेले, नाशिकहून उन्हाळाभर आमच्याकडे आलेले. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं करायला नकार. काठी टेकत, थांबत थांबत चालायचे.

वाटेतल्या खाडीवरच्या पुलावरच ट्रॅफिकमध्ये अडकलो. स्टेडियमपाशी पोचलो तर गेटवर केशरी कोन्स लावलेले. चमकत्या पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट घातलेली बाई खिडकीशी वाकून म्हणाली, "किया ओरा! सॉरी डार्लिंग, कार पार्क फुल. साइड स्ट्रीट्स ट्राय करा."

"अण्णा, तुम्ही इथेच उतरता का? मी गाडी लावून येते."

"छे गं. मी एकटा इथे काय करू? बरोबरच जाऊ."

मग सुरू झाल्या फेऱ्या. जिथे जागा तिथे नो पार्किंगच्या पिवळ्या तुटक रेषा, नाहीतर कुणाचा तरी ड्राइव्हवे. गाडी टो झाली तर मॅच बाजूलाच राहायची. असं करत करत बरीच लांब एका नव्या वस्तीतल्या शांत रस्त्यावर जागा मिळाली. घरांच्या छपरांवरून स्टेडियमचे लाइटचे टॉवर दिसत होते, एवढाच धीर.

गाडी लॉक करत होते तेवढ्यात रस्त्याच्या वरच्या बाजूने माणसं आली. कॅप, जर्सी, बायका, म्हातारे, कडेवर मुलं... चांगली पन्नास-साठ तरी असतील. मला हायसं वाटलं. मॅचच्या दिवशी मॅप कशाला हवा? गर्दीच्या मागे जायचं. आम्ही त्यांच्यात मिसळलो.

सुहासचा फोन आला. "कुठे आहात? मुलांना रांगेत उभं केलंय."

"गाडी लावली. चालत येतोय. खूप जण आहेत बरोबर."

फोन पर्समध्ये टाकला आणि बघते तर अण्णा पुढे गेलेले. दोन-तीन रांगा पुढे. मला आधी कौतुकच वाटलं. नातीसाठी म्हातारा बघा कसा पळतोय! मी पाय उचलला. तरी अंतर कमी होईना. मी जवळजवळ धावत होते, आणि अण्णांची काठी टेकतसुद्धा नव्हती. काखेत धरली होती त्यांनी. दोन्ही गुडघे सरळ, तरण्या माणसासारखे.

त्याच वेळी स्टेडियममधला अनाउन्सर ऐकू आला. मागे म्युझिक, टाळ्या. मी चालता चालता कान दिला. आवाज पाठीमागून येत होता.

वळून पाहिलं. लाइटचे टॉवर आमच्या पाठीशी होते. लहान झालेले.

मग बाकीचं लक्षात यायला लागलं. कुणीच बोलत नव्हतं. एवढी माणसं, एवढी पोरं, आणि एकही शब्द नाही. कुणाच्या हातात फोन नाही. कितीतरी जणांच्या पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला होत्या, पण त्यांचा तो फटक-फटक आवाज... नव्हता. रस्त्यावर फक्त माझ्याच बुटांचा आवाज येत होता.

शेजारच्या बाईला विचारलं, "एक्सक्यूज मी, स्टेडियम तिकडे आहे ना?"

तिने मान वळवली नाही. समोर बघतच हसली. "निअर्ली देअर."

मी तिच्या पुढच्या माणसाला विचारलं. तो तसाच हसला, त्याच सुरात. "निअर्ली देअर."



मी धक्के मारत पुढे घुसले. म्हणजे मारायला गेले, पण कुणाचा धक्का मला लागलाच नाही. सगळे बरोबर तेवढेच बाजूला होत होते. अण्णांचा दंड पकडला. "अण्णा, थांबा! आपण उलटे चाललोय."

"आलंच आता," अण्णा म्हणाले. समोर बघत. तसंच हसत.

ज्या माणसाला मी गेली बारा वर्षं ओळखते, तो हा नव्हता. चेहरा तोच होता, पण आत कुणी नव्हतं.

पुढे रस्ता उतरत होता. खाली वळण, वळणापलीकडे झाडी, आणि त्याखाली खाडीतलं खारफुटीचं रान. पुढची माणसं वळणावरून आत जात होती. मी ओढत होते, अण्णा मला फरफटत नेत होते. शेवटी मला काही सुचेना. मी चक्क रस्त्यावर बसले आणि त्यांच्या पायांना मिठी मारली.

"अण्णा, ईरा वाट बघतेय!"

त्यांनी खाली पाहिलं. अगदी शांतपणे विचारलं, "कोण ईरा?"

मी एका हाताने पाय धरून दुसऱ्या हाताने फोन काढला. सुहासला लावला. त्याने उचलल्याबरोबर ओरडले, "ईराला दे! काही विचारू नकोस, ईराला दे!" आणि स्पीकर लावून फोन वर धरला.

"मम्मा? आजोबा? व्हेअर आर यू गाइज? वी आर गोइंग ऑन, लाइक, नाऊ!" तिचा आवाज रडवेला झाला होता. "आजोबा, यू प्रॉमिस्ड!"

अण्णांच्या पोटऱ्या थरथरल्या. "ईरू?" ते म्हणाले, आणि त्यांचा गुडघा असा दुमडला की ते सगळेच्या सगळे माझ्या अंगावर कोसळले.

मी त्यांना छातीशी धरून डोळे गच्च मिटले. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. आवाज नव्हता, पण कळत होतं. ऊन अडायचं, पुन्हा लागायचं. अडायचं, लागायचं. एकदा ते बराच वेळ अडलेलं राहिलं. कुणीतरी आमच्यासमोर थांबलं होतं. मी डोळे उघडले नाहीत. मनातल्या मनात रामरक्षा म्हणायला लागले... जी मी लहानपणानंतर कधी म्हटली नव्हती. मग ऊन लागलं.

"यू ऑल राइट देअर, लव्ह?" – असा आवाज आला तेव्हा मी किंचाळलेच. पण हा माणूस बोलताना माझ्याकडे बघत होता. वरच्या घरातला, पन्नाशीचा. ड्राइव्हवेत बोट धूत होता, हातातला ब्रश तसाच घेऊन आला होता. रस्ता रिकामा.

"ती माणसं..." मी म्हणाले. मला वाटलं, आता हा विचारणार, कुठली माणसं?

तो म्हणाला, "हो, पाहिली ना. हीप्स ऑफ देम. मला वाटलं कुणाची अंत्ययात्रा आहे. कुणी बोलतच नव्हतं. आणि खाली तर रस्ताच नाहीये. कुंपण आहे."

तो बघून येतो म्हणून वळणापर्यंत गेला. वळणावर क्षणभर उभा राहिला. आणि परत आला तो पळतच.

"गेट इन द यूट. मी सोडतो तुम्हाला."

"काय होतं तिथे?"

"काही नाही." त्याने अण्णांना जवळपास उचलूनच त्याच्या पिकअप गाडीत बसवलं. बसल्या बसल्या चारही दारं लॉक केली. स्टेडियम येईपर्यंत सारखा आरशात मागे बघत होता. उतरताना मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "इथे गाडी लावू नका परत." बस.

ईरा मैदानात जाऊन आली होती. आम्ही ते पाहिलं नाही. अण्णांनी तिला मांडीवर घेतलं आणि सगळी मॅच तिचा हात धरून बसून राहिले. गाडी आणायला सुहास मित्राला घेऊन गेला, मी गेले नाही. त्याला रस्ता रिकामा दिसला, वळणाखाली कुंपण, कुंपणापलीकडे चिखल. चिखलावर एकही पाऊल नाही.

सुहास म्हणतो, हीट स्ट्रोक. अण्णांचं मी समजू शकते. पण मला? आणि त्या बोटवाल्याला? आम्हा तिघांना एकच भास, तोही उजेडात? ज्यांच्याकडे उत्तर असेल त्यांनी जरूर सांगा, मला ते खरंच हवंय.

अण्णा नाशिकला परत गेले. इथे असताना त्या दुपारचा विषय काढला की आठवत नाही म्हणायचे. गेल्या महिन्यात फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मीनल, एक सांगू? घाबरू नकोस."

"बोला ना अण्णा."

"त्या दिवशी माझ्या शेजारी त्यांनी एका माणसाची जागा सोडली होती. मी विचारलं, ही कुणाची? तर... तुझं माहेरचं नाव घेतलं गं त्यांनी. अख्खं."