शेवटची सोळा पानं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात म्हणतात. असेल. पण लातूरच्या एका वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर तुमचा राग कुठं बसतो ते मला बघायचंय. उशिरा पुस्तक आणणाऱ्यांवर मी कधी चिडले नाही. पानं दुमडणाऱ्यांवर थोडी चिडले. पण पुस्तक न उघडता त्याच्याबद्दल मत देणारा माणूस समोर आला की माझं टाळकं सरकायचं. आणि तसा माणूस आमच्याकडं दररोज यायचा.

आमच्याकडं एक पद्धत होती. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक रेघी कागद चिकटवायचा आणि वर लिहायचं, ‘वाचकांचे अभिप्राय’. कल्पना चांगली होती. पण वर्षातून एकदा सरकारी अनुदानाच्या तपासणीचे साहेब यायचे आणि हे कागद उलटून पाहायचे. कागद कोरे दिसले की विचारायचे, तुमचे सभासद वाचतात का नुसते पेपर चाळायला येतात? म्हणून तपासणीच्या आठवडाभर आधी कार्यकारिणी जमायची, भजी यायची, आणि कागद भरायचं काम सुरू व्हायचं. एक निळं पेन, एक काळं, एक हिरवं. कार्यकारिणीतले एक निवृत्त हेडमास्तर डाव्या हातानंही लिहायचे, म्हणजे अक्षर निराळं दिसतं. ‘उद्बोधक.’ ‘संग्रही असावे असे.’ ‘लेखकाने समाजाला आरसा दाखवला आहे.’ एका वर्षी तर रांगोळीच्या पुस्तकानंही समाजाला आरसा दाखवला होता.

मी पुस्तकं काढून द्यायचे, मागचं पान उघडून. कागद संपत नसले की मीही लिहायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळेच करत होते.

सिस्टर आमच्या जुन्या सभासद. मूळच्या मुखेडकडच्या, ख्रिस्ती, पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची, त्यांच्या नवऱ्यालाही लोक ‘सिस्टरचे मिस्टर’ म्हणायचे. दर मंगळवारी चर्चमधल्या बायकांची प्रार्थना आटोपून त्या वाचनालयात यायच्या आणि हेरगिरीची, रहस्याची पुस्तकं न्यायच्या. सगळी संपल्यावर म्हणाल्या, “आता मीच लिहिते.” मला वाटलं, गंमत करतायत. निवृत्त झाल्यावर त्यांनी खरंच दोनशे पानी सहा वह्या भरल्या आणि नांदेडच्या एका छोट्या छापखान्यातून कादंबरी छापून आणली.

गोष्ट अशी. देगलूरच्या पलीकडं, राज्याच्या सीमेवरच्या एका मिशन दवाखान्यात एक नर्स आहे. तिनं देवासमोर शपथ घेतलीय की आयुष्यात खोटं बोलणार नाही. तिच्या वॉर्डात खांद्यात गोळी लागलेला एक माणूस येतो, सांगतो की मी बियाणं विकतो. तो असतो गुप्तहेर, आपल्याच देशाचा, आणि काही लोक त्याच्या मागावर असतात. ती त्याची जखम बांधते, पट्टी बांधताना प्रार्थना करते, आणि तिचा जीव त्याच्यात अडकतो. ज्याचा धंदाच खोटं बोलण्याचा, त्याच्यावर खोटं न बोलणाऱ्या बाईनं प्रेम करावं का, हा सिस्टरचा प्रश्न होता. हे सगळं त्यांनीच मला काउंटरपाशी उभं राहून वेळोवेळी सांगितलं होतं. शेवट मात्र सांगितला नव्हता. म्हणायच्या, “तो वाचून तुमी मला सांगायचं, बरोबर हाय का चुकलाय. मला बाकी काही नको.”

पुस्तक आलं तेव्हा नेमकी तपासणी तोंडावर होती. सिस्टर दोन प्रती घेऊन आल्या, एक वाचनालयाला आणि एक माझ्या नावानं, सही करून. मी साठ्याच्या रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते. देताना त्या शेवटच्या पानांबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी हो हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी कागद भरताना त्यांचं पुस्तक माझ्या हाताखाली आलं. म्हटलं, ह्याच्यावर हेडमास्तरांचा डावा हात चालू द्यायचा नाही. मी स्वतः लिहिलं, चांगल्या सहा ओळी, खाली सही, हुद्द्यासकट. पुढच्या मंगळवारी सिस्टरनी मागचं पान उघडलं, त्या ओळी वाचल्या आणि विचारलं, “वाचलं का ताई?” मी म्हटलं, “एका बैठकीत.” त्या “बरं” म्हणाल्या आणि पुस्तक जागेवर ठेवून गेल्या.

नंतर दर मंगळवारी हेच. त्या कपाटातून पुस्तक काढायच्या, चाळायच्या, मागं पाहायच्या, ठेवून द्यायच्या. मला वाटायचं, नवा अभिप्राय शोधतायत.

अभिप्राय आले, हळूहळू. शिकवणीसाठी लातूरला राहणाऱ्या एका मुलीनं लिहिलं, ‘सस्पेन्स लई भारी. प्रार्थना आली की पान उलटलं. शेवट परीक्षेनंतर वाचणार.’ मला ते उद्धट वाटलं. सिस्टर मात्र मनापासून हसल्या, म्हणाल्या, “खरं तरी लिहिलं पोरीनं.” मग त्यांच्याच चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी येऊन लिहिलं की ख्रिस्ती विश्वासातल्या मुलीनं लबाड पुरुषावर प्रेम करणं बायबलच्या वचनाला धरून नाही. पान सत्त्याऐंशीवर नायक तिचा हात हातात घेतो, त्या ओळीखाली त्यांनी पेनानं रेघ मारली. वाचनालयाच्या पुस्तकात, पेनानं. आणि त्याच्या खाली एका निवृत्त इंजिनिअर सभासदानं लिहिलं, ‘हे धर्मांतराचे पुस्तक आहे. सार्वजनिक वाचनालयात याचे काय काम? ताबडतोब काढावे.’ एवढ्यावर तो थांबला नाही. त्या कागदाचा फोटो त्यानं सभासदांच्या ग्रुपवर टाकला.

दुपारपर्यंत चाळीस अंगठे. त्या चाळिसांतल्या एकानंही पुस्तक नेलं नव्हतं. देवघेवीचं रजिस्टर माझ्याकडंच होतं, मला कोण काय सांगणार? इकडून ती बाई येशूचा प्रचार करते म्हणून शिव्या, तिकडून येशूला कमीपणा आणला म्हणून शिव्या. आणि त्या बाईनं लिहिली होती एक गुप्तहेराची गोष्ट. संतापानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सचिवांनी बैठक बोलावली. सचिव म्हणजे मार्केट यार्डातले आडते, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, बोलणं गोड, हिशोबी माणूस. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. सिस्टरनाही बोलावलं, ‘आपली बाजू मांडायला’. त्या आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

इंजिनिअरसाहेब बोलायला उठले ते खाली बसेनात. हेडमास्तरांनी मान डोलावली. अप्पा म्हणाले, “मॅडम, नाहक बोभाटा नको. पुस्तक कुलपाच्या कपाटात ठिवू, विषय मिटला. सिस्टरची इज्जत बी राहील.”

मी म्हटलं, एक मिनिट. मी पुस्तक आणलं होतं, त्यातून दोन परिच्छेद वाचून दाखवायचे म्हणून. धर्मांतर कुठं आहे ते दाखवा, असं म्हणायला मी शेवटाकडची पानं उघडायला गेले, तर ती उघडेनात. छापखान्यात शेवटच्या सोळा पानांची वरची घडी कापायचीच राहिली होती. पानं जोडीजोडीनं वरून बंद. फूटपट्टी नाहीतर सुरी घालून कापल्याशिवाय ती कुणाला वाचताच आली नसती.

मग माझ्या तोंडाला कोण आवर घालणार? मी ते पुस्तक सगळ्यांच्या नाकासमोर फिरवलं. म्हटलं, बघा, नीट बघा. कुणाच्याही हातानं ही पानं कापलेली नाहीत. मत द्यायला सगळे पुढं, पान कापायला कुणी नाही. इंजिनिअरसाहेब, कुठल्या पानावर धर्मांतर झालं? हेडमास्तर, तुमच्या कुठल्या हातानं वाचलंत? तुम्हाला लाज वाटायला पाहिजे, ही बाई वर्षं घालवून लिहिते आणि तुम्ही तिच्या तोंडावर खोटं फेकता. असं बरंच काही. मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

अप्पांनी हात पुढं करून पुस्तक घेतलं. चष्मा लावला, मागचा कागद पाहिला. “मॅडम,” ते सावकाश म्हणाले, “ह्यो पयला अभिप्राय तुमचाच हाय न्हव?”

आणि त्यांनी मोठ्यानं वाचला. माझं अक्षर स्वच्छ, वाचायला काही त्रास नाही. ‘शेवटी नायिका त्याला शत्रूंपासून लपवते आणि दोघे विवाहबंधनात अडकतात, तेव्हा वाचकाचे डोळे पाणावल्याशिवाय राहत नाहीत. शेवट अत्यंत समाधानकारक.’ खाली माझी सही. ग्रंथपाल.

कुणीतरी हसलं. हेडमास्तरच असणार. मी सिस्टरकडं पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यात लग्न न्हाई.” मग उठल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाल्या.

मी चपला न घालता त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत गेले. विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“पयल्याच मंगळवारी.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू ताई? तुमाला देतानाच सांगितलं व्हतं, शेवटची पानं जोडलेली हायेत, पट्टीनं कापा. मी दर मंगळवारी बघून जायची, कापली का म्हणून.” त्यांनी रिक्षाला हात केला.

पुस्तक कुलपाच्या कपाटात गेलं. अप्पांनी ठरावात लिहून घेतलं की मागणी आल्यास द्यावं, आणि मी, जिनं त्या ठरावाच्या चिंध्या करायला हव्या होत्या, मान खाली घालून सही केली. भांडायचा हक्क माझ्याकडं उरला नव्हता आणि ते त्या सगळ्यांना कळलं होतं, याची मला अजून चीड येते. सिस्टर त्यानंतर मंगळवारी आल्या नाहीत. चौकशी केली तर कळलं, नांदेडला भाचीकडं राहायला गेल्या.

घरी माझ्या नावाची प्रत टीव्हीच्या मागं पडलेली होती. तिची पानंही बंदच. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतली, प्रार्थना न गाळता. बाईनं छान लिहिलं होतं. वॉर्डातला फिनेलचा वास, औषधाच्या ट्रेचा आवाज, रात्रपाळीत पाय दुखणं, सगळं. दोन दिवसांत त्या जोडलेल्या पानांपर्यंत आले आणि माझ्याच्यानं घरात बसवेना. पर्समध्ये पुस्तक आणि स्टीलची फूटपट्टी टाकली आणि नांदेडची एसटी धरली.

अहमदपूर सोडल्यावर पानं कापली. गाडी हिसके देत होती, कडा फाटक्या निघाल्या. नर्सच्या वॉर्डात पोलिसांच्या वेशात शत्रू येतात आणि विचारतात, असा असा माणूस इथं आहे का? पडद्याच्या आड तो आहे. सगळा दवाखाना श्वास रोखून उभा. आणि ही बाई म्हणते, “हो, आहे.” तो पडदा सारून स्वतःच बाहेर येतो, तिच्याकडं एकदा पाहतो आणि त्यांच्याबरोबर चालायला लागतो. शेवटच्या पानावर ती त्या खाटेची चादर बदलते. संपलं.

मला इतका राग आला की मी पुस्तक मांडीवर आपटलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय झालं ओ, कोनी वारलं का?” मी हो म्हटलं. त्या लोहा येईपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना खरं काय ते सांगायचा माझा धीर झाला नाही.

नांदेडला सिस्टरनी दार उघडलं. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. “शेवट चुकलाय. साफ चुकलाय. कसली शपथ न् कसलं काय, माणूस जिवानिशी जायची वेळ आणि ही खरं बोलत बसली? एक ‘नाही’ म्हणायला काय झालं होतं तिला? दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेलं खोटं पाप नसतं. मला तुमची नायिका आवडली नाही. मला तिचा भयंकर राग आलाय.”

सिस्टर माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघत होत्या, त्या फाटक्या कडांकडं. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं.

“तुमी तो अभिप्राय का लिहिला व्हता ताई?”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

“न्हाई वाटलं,” त्या म्हणाल्या.

मी पाणी पीत राहिले. त्यांनी टेबलाच्या खणातून दोनशे पानी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्यासमोर बसल्या.

“आता सांगा. राग कंच्या पानापासनं यायला लागला?”

मी पान सांगितलं.