हसण्याच्या जागा

यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं लागोपाठ झाली आणि डॉक्टरांनी टीव्ही, मोबाईल, पेपर सगळं काही दिवस बंद केलं. कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर मशिनी दुरुस्त केलेला माणूस. रिकामं बसणं अंगात नाही. ओसरीवर काळा चष्मा लावून बसल्या बसल्या मला म्हणाले, "तू मास्तरीण होती न? मंग वाचून दाखव काही. पण रडाचं नको आणू. हसाचं आन."

मी ढाणकीच्या आमच्या वाचनालयात गेले. तिथे विनोदी पुस्तकांचं वेगळं कपाट आहे. मुखपृष्ठावर ढेरपोट्या नवरा आणि लाटणं घेतलेली बायको असलेली दोन पुस्तकं आणली. पहिल्याच्या पाचसहा पानांनंतर यांनी हात वर केला. "याच्यात हसाचं काय हाये? हा माणूस दर ओळीले आपल्याले कोपर मारते, हस म्हणते."

खरं होतं ते. दुसरंही तसंच निघालं. मग मी कपाटापाशी उभी राहूनच दोनचार पानं वाचायला लागले. स्वतःला हसू आलं तरच पुस्तक घरी. असं करता करता बरंच कपाट बाद झालं. नावात गंमत, आत काही नाही.

शेवटी तळाच्या फळीवर मुखपृष्ठ गळून गेलेलं एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात एक गृहस्थ शेजाऱ्याची छत्री परत करायला जातो आणि येताना त्याची शिडी घेऊन येतो. मी तिथेच फिसकन हसले. ग्रंथपालबाईंनी मान वर करून पाहिलं.

यांना ते आवडलं. शिडीपाशी पोट धरून हसले. पुढचे काही दिवस आमच्या ओसरीवर नुसता आनंद होता. पुण्याच्या मुलीला फोनवर मी कौतुकाने सांगितलं, "तुझे बाबा पुस्तक ऐकून हसतात आता."

मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की हे विनोदाच्या आधीच हसताहेत. मला वाटलं, पुढचं ओळखलं असेल. नंतर विनोद नसलेल्या जागीही हसायला लागले. नदीचं वर्णन चाललं होतं, नुसतं पाणी आणि काठची झाडं, आणि हे खदखदून हसत होते. मी थांबले, तरी हसणं सुरूच. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते. हसू तोंडातून बाहेर पडत होतं, पण चेहरा त्यात नव्हता.

मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि पेपर उचलला. काही न सांगता, त्याच सुरात, विहिरीत बुडालेल्या दोन बहिणींची बातमी वाचली. हे हसले. शिडीपाशी हसले होते तेवढेच.

मुलीला तेव्हा काही बोलले नाही. म्हटलं, औषधांचा परिणाम असेल.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या एका घरी दुखवट्याला बसायला जावं लागलं. तिथला मोठा मुलगा शेतात मोटार सुरू करताना शॉक लागून गेला होता. त्याचे वडील हळूहळू सांगत होते, स्टार्टरची पेटी ओली कशी होती, त्याने हात कसा लावला. आणि माझ्या शेजारी हे हसले. मोठ्याने. घरातलं रडणं थांबलं. त्या बापाने यांच्याकडे पाहिलं, रागाने नाही, काही तरी समजून घ्यायचंय अशा नजरेने. मी यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

रस्त्यात मी म्हटलं, "तुम्ही काहून हसले तिथी?"

हे थांबले. "मी? मी कुठी हसलो?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

रात्री मुलीला सगळं सांगितलं. ती आली आणि आम्ही यांना नागपूरला नेलं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ होती. डॉक्टरांनी फोटोतला पांढरा ठिपका दाखवला आणि विचारलं, "हे कधीपासून असे हसतात?" कुठलं हसू यांचं होतं आणि कुठलं त्या गाठीचं, हे मलाच ठरवता येत नव्हतं.

ऑपरेशन झालं. हे वाचले. घरी आल्यावर कित्येक दिवस एकदाही हसले नाहीत. मी गेले त्या शोकाच्या घरी, सगळं सांगितलं. त्या मुलाच्या आईने माझा हात हातात घेतला.

डॉक्टर म्हणाले होते, गाठ परत वाढू शकते, लक्ष ठेवा. कशावर लक्ष ठेवायचं ते त्यांनी सांगायची गरज नव्हती.

परवा हे आपणहून म्हणाले, "वाच न काही." मी नवीन पुस्तक आणलं होतं, कपाटापाशी उभं राहून पारखलेलं. वाचायला बसले. दुसऱ्या पानावर हे हसले. मी ओळ पाहिली. मागे गेले, पुन्हा पाहिली. त्या ओळीत हसण्यासारखं काही नव्हतं.

"काहून हसले?" मी पुस्तक खाली ठेवून विचारलं.

"तुह्या तोंडाकडे पाहून," हे म्हणाले. "पुस्तक कमी अन् मलेच जास्त वाचून राह्यली तू."

मीही हसले. पण सकाळी उठून नागपूरला फोन लावला आणि तपासणीची तारीख अलीकडे घेतली.